ठाण्याच्या खाडीत जादू लपवायची असेल तर

नव्याने लिहिणाऱ्या मुलामुलींच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतल्या बऱ्याच लपलेल्या जादूच्या असतात. मंत्र असतात, खुणा असतात, सात पिढ्यांची वंशावळ असते, पण ही जादू इतकी वर्षं लपून कशी राहिली, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. ठाण्यासारख्या शहरात, जिथे सकाळी स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे गुपित आपोआप टिकत नाही. ते राखणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. ते काम कोण करतं आणि त्यात त्याचं काय जातं, एवढं ठरलं की वाचक जादूवर विश्वास ठेवतो. माझा सगळा भर यावरच आहे, आणि खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते.

पहिली पायरी: अशक्य गोष्ट एकच ठेवा

ती एका वाक्यात लिहून भिंतीवर चिकटवा. माझं वाक्य असं: ठाण्याच्या खाडीत भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं, त्या काही क्षणांत खाडीला सांगितलेली गोष्ट सांगणारा कायमची विसरतो.

बस. उडणं नाही, अदृश्य होणं नाही, बोलणारे पक्षी नाहीत. वाचक एक अशक्य गोष्ट मोठ्या मनाने मान्य करतो. दुसरी आली की तो थोडा सावध होतो आणि तिसरीला पुस्तक मिटतो. त्या एका गोष्टीच्या पोटातून मात्र हवं तेवढं काढा.

दुसरी पायरी: जादूला खऱ्या जगाच्या नियमाला बांधा

इथे वेळ घालवा. भरतीला जादू बांधली म्हणजे भरतीचं गणित आलंच. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्याला पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसातून दोनदा. रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो.

आता या गणिताने कथेचं काय होतं बघा. तुमची नायिका अष्टमीला मध्यरात्री काठावर गेली, तर तिला ओहोटीचा चिखल दिसेल. मध्यरात्रीची भरती हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी लागेल. तेव्हा उधाण असतं, पाणी तिवरांच्या मुळांवर चढतं आणि उभं राहायची नेहमीची जागाच बुडते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, मग जादूही त्या दिवसांत अर्धवट लागते का? हा प्रश्न मला स्वतःहून सुचला नसता, खाडीने सुचवला. एखाद्याने भांगाच्या दिवशी येऊन मेलेल्या भावाची गोष्ट सांगितली आणि भावाचं नाव तेवढं गेलं, चेहरा राहिला, तर? पुढचं प्रकरण तिथेच सुरू होतं.

खऱ्या नियमाचा हा फायदा आहे. तो तुम्हाला अडवतो आणि अडवतानाच गोष्ट देतो. तुमची जादू खाडीशी बांधलेली नसेल तर लोकलच्या वेळापत्रकाशी बांधा, येऊरच्या पावसाशी बांधा, पंचांगाशी बांधा. पण ज्याला तुमच्या मर्जीने वाकवता येणार नाही अशा कशाला तरी बांधा.

तिसरी पायरी: राखणदार ठरवा

कोकणात गावाला राखणदार असतो, ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. माझी राखणदार चेंदणी कोळीवाड्यातली एक पन्नाशीची बाई आहे. सकाळी ती बाजारात मासळी विकते. लोक खाडीला जे सांगतात ते नाहीसं होत नाही, तिच्या डोक्यात येऊन बसतं. तिला मिळालेला वारसा हाच.

ही किंमत नसती तर जादू फुकटची झाली असती, आणि फुकटच्या जादूवर मराठी वाचक विश्वास ठेवत नाही. नवसालासुद्धा आपल्याकडे फेडणं असतं.

ती पैसे घेत नाही. का, ते नीट ठरवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराच्या नावाखाली पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्याखाली गुन्हा आहे. आज घडणाऱ्या कथेत हा कायदा नसल्यासारखं वागू नका. तिच्या घरात त्यावर बोलणं झालेलं असणार. मग मोबदला कसा मिळतो? ज्यांच्या घरचं कुणी हलकं होऊन परत आलं, ती माणसं तिच्याकडे कोळंबीच्या वाट्याचा भाव करत नाहीत. मागेल तेवढे देतात, पिशवी पुढे करतात आणि नजर खाली ठेवून निघून जातात. शेजारची विकणारी हे बघते, पण विचारत नाही. लपलेल्या जगाचं दार वाचकाला असं एखाद्या साध्या व्यवहारात दाखवावं.

चौथी पायरी: गुपित कुठून फुटू शकतं याची यादी करा

स्वतःच पोलीस व्हा, पत्रकार व्हा, शेजारी व्हा. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्स घेतलेली माणसं आली, वन खात्याची गस्त आली. एखाद्या छायाचित्रात मागे, तिवरांच्या कडेला, पाण्याशी बोलणारा माणूस सापडू शकतो. राखणदार बाईला हे ठाऊक हवं.

त्याहून अवघड फट घरात असते. विसरणारा विसरतो, पण त्याचा मोबाईल विसरत नाही. एका माणसाने कर्ज खाडीला सांगितलं. पाच तारखेला हप्त्याचा मेसेज आला आणि तो बँकेत जाऊन भांडला. दुसरा प्रसंग मी लिहून काढला तेव्हा माझाच हात थांबला. माणूस खाडीवरून घरी येतो, चपला काढतो, पाणी पितो. समोर भिंतीवर हार घातलेला फोटो.

“हा कोण गं?”

बायको ताटात भात वाढत असते. ती वाढतच राहते. भाताचा ढीग होतो, ताटाबाहेर सांडतो.

“कुणी नाही. जेवा तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फक्त खिळा असतो. गुपित राखायला एका बाईने आपल्या मुलाचा फोटो उतरवला. इथे वाचकाला जादूचा पुरावा लागत नाही. मंत्राने जे साधत नाही ते त्या खिळ्याने साधतं, म्हणून असा एक तरी प्रसंग इतक्या जवळून लिहा.

गुपित खरंच शतकानुशतकं टिकू शकतं का, असं वाटलं तर आपल्याच भाषेतलं उदाहरण बघा. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ते मठांतून हाताने उतरवले जात, उकल पंथातल्या लोकांकडेच असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली तेव्हा बाहेरच्यांना ते मराठी वाचता आलं. ग्रंथ लपले ते शिस्तीमुळे, पिढ्यानपिढ्या नकला करणाऱ्या हातांमुळे. तुमच्या कथेतही अशी शिस्त दाखवा.

पाचवी पायरी: इतिहास थोडाच घ्या

ठाण्याचा इतिहास मोह पाडतो. शिलाहार राजांच्या काळातलं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, आहे, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेलं ठाणं आहे, १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे आगगाडी आहे. सगळं कथेत कोंबू नका. जादूला धक्का देणारं एकच वर्ष निवडा. माझ्या कथेत ते १८५४: रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. काठावर मजूर, कंदील, दगड उतरवण्याचे आवाज. तेव्हाच्या राखणदारणीला जागा बदलावी लागली. एवढं दोन परिच्छेदांत येतं आणि पुरतं. माहिती शोधायला १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे एक दुपार बसा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जाऊन उभे राहा

पंचांग बघून भरतीची वेळ काढा आणि जा. वास कसा येतो, कळव्याकडे जाणारी लोकल पुलावर आली की बोलणं किती वेळ थांबवावं लागतं, पायाखाली काय लागतं, हे वहीत टिपा. मी गेले तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या आवाजात माणूस मोठ्याने बोलला तरी दहा पावलांवर ऐकू येत नाही. माझी माणसं आता गाडी पुलावर येईपर्यंत थांबतात आणि मगच बोलतात.

सातवी पायरी: नियम राखणदारालाच लावून बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि कथा अर्ध्यावर बसते. माझ्या राखणदार बाईचा स्वतःचाही एक घाव आहे. तिला तो विसरायचा आहे. खाडी दारात आहे, वेळ तोंडपाठ आहे. पण सांगितलेली गोष्ट कुणाच्या तरी डोक्यात जायलाच हवी, आणि तिच्यानंतर एकच डोकं आहे: ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारी तिची मुलगी, जिला यातलं काही माहीत नाही.

पौर्णिमेच्या रात्री मुलगी कंपनीची गाडी यायची म्हणून खाली उभी आहे, आणि आई पाण्याकडे निघाली आहे. पहिलं पान मी इथून सुरू केलं.