पंजा लोंबला की लगेच कंबरेकडे पळू नका

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसून असतात. त्यातली एखादी ओपीडीत येते आणि म्हणते, "डॉक्टर, पायावरून वारं गेलं." पंजा वर उचलत नाही, पाऊल फटकन आपटतं. इंटर्न लगेच लिहितो: एल फाइव्ह रूट (कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारं नसेचं मूळ), कंबरेचा एमआरआय. चाळिशी ओलांडलेल्या मणक्यात थोडीफार सरकलेली गादी बहुतेक वेळा सापडतेच. मग तीच गुन्हेगार ठरते.

खरा घोळ पुष्कळदा गुडघ्यापाशी असतो. तिथे बाहेरच्या अंगाला कॉमन पेरोनियल नर्व्ह, म्हणजे पंजा वर उचलायला लावणारी नस, फिब्युलाच्या (गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाच्या) मानेला वळसा घालते, आणि वर झाकायला कातडीशिवाय फारसं काही नसतं. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, घट्ट प्लास्टर, एवढंही तिला पुरतं.

गादी की गुडघा, हे ठरवायला पाऊल आत वळवायला सांगा. ते काम टिबियालिस पोस्टीरियर या पोटरीतल्या स्नायूचं. त्याला एल फाइव्ह मिळतो, पण टिबियल नर्व्ह या दुसऱ्या नसेतून. म्हणून गुडघ्याशी नस चेपली असेल तर ही ताकद शाबूत राहते. रूट दबलं असेल तर तीही जाते. इथे एक फसगत होते. पंजा वर धरून तपासलं तर टिबियालिस अँटीरियर, म्हणजे पंजा वर उचलणारा स्नायू, आधीच निकामी असल्याने जोर कमीच वाटतो. पाऊल खाली ताणून मग आत वळवायला लावा. कुशीवर झोपवून मांडी वर उचलायला सांगा. तीही दुबळी असेल तर कंबरेचा संशय घ्या. अँकल जर्क (टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारल्यावर पाऊल झटकणं) गेला असेल तर दोष नुसत्या पेरोनियलचा नाही. सायटिकचा, म्हणजे कुल्ल्यातून मांडीमागे उतरणाऱ्या मोठ्या नसेचा, विचार करा आणि कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं होतं का, ते विचारा. सायटिकला इजा झाली तरी तिचा पेरोनियल भागच जास्त दुखावतो, त्यामुळे चित्र हुबेहूब तसंच दिसतं.

टाचणीने सगळा पाय टोचतात, पण अंगठा आणि शेजारच्या बोटामधली खाच विसरतात. डीप पेरोनियलची, म्हणजे त्याच पेरोनियलच्या खोल फांदीची, जागा तेवढीच. फिब्युलाच्या मानेशी बोट फिरवून दोन्ही बाजूंची नस ताडून पाहा. एका बाजूची जाड लागली, किंवा "चप्पल निसटते ते कळतच नाही" असं पेशंट म्हणाला, तर अंगावर बधिर चट्टा शोधा. कुष्ठरोग अजून संपलेला नाही.

जिना उतरताना गुडघा मोडतो आणि नी जर्क (गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडणं) येत नाही, तर दोष फीमोरलचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या नसेचा. पण मांड्या जवळ आणायची ताकद तपासल्याशिवाय तसं लिहू नका. ती ऑब्च्युरेटर या मांडीच्या आतल्या अंगाच्या नसेकडे असते; तीही कमी असेल तर दुखणं रूटचं किंवा प्लेक्ससचं, म्हणजे मुळांच्या जाळ्याचं.

ट्रेंडेलेनबर्गमध्ये, म्हणजे एका पायावर उभं करून कंबर पाहायच्या तपासणीत, मी स्वतः एकदा बाजू उलटी लिहिली होती. कंबर ज्या बाजूला खाली जाते ती बाजू चांगली. पेशंट ज्या पायावर उभा आहे तो दुबळा.

एमआरआयची घाई करायची ती तेव्हा, जेव्हा दोन्ही पायांत अशक्तपणा आहे, लघवी तुंबली आहे आणि बसायची जागा बधिर आहे. तेव्हा त्याच दिवशी, रात्र झाली तरी.