थाई शिकायची तर आधी कान तयार करा

बँकॉकला आल्यावर पहिले दोन महिने मी रोमन अक्षरांवरून थाई शिकले. फुकट गेले. थाईत सूर पाच, आणि रोमनमध्ये ते दिसतच नाहीत. 'क्लाय' सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली सोडलं तर जवळ! मी टॅक्सीवाल्याला 'जवळच आहे' सांगायचे, तो 'लांब' ऐकून मान हलवायचा. म्हणून शब्द पाठ करायचा तो सुरासकट.

लिपी लगेच घ्या. व्यंजनं ४४, पण क्रम आपल्या वर्णमालेच्या ओळखीचा. आपला 'क कमळाचा', त्यांचा 'को कै', म्हणजे क कोंबडीचा. काही स्वर व्यंजनाआधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. आपली पहिली वेलांटी तशीच की! शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हे मात्र छळतं.

संस्कृत शब्द भरपूर, पण वेश बदलून: भाषा 'फासा', गुरू 'ख्रू', आहार 'आहान'.

वाक्याशेवटी आदरासाठी बायकांनी 'खा' म्हणायचं, पुरुषांनी 'ख्रप'. नवऱ्याचं ऐकून मी महिनाभर 'ख्रप' म्हणत होते. फळवाली खो खो हसायची, पण पपईची एक फोड जास्त द्यायची.