पदवी नसताना गोव्यात एसी मेकॅनिक म्हणून जम कसा बसवावा

दहावी झाली, पण कॉलेज परवडत नाही किंवा त्यात मन नाही, म्हणून हातपाय गाळू नका. गोव्यात हॉटेले, औषध कारखाने, मासळीची शीतगृहे सगळी गारव्यावर चालतात. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा एसीची कॉईल लवकर खाते. कसबी मेकॅनिकला इथे काम कमी पडत नाही.

आधी आयटीआयमध्ये नाव घाला. रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. म्हापसा, फर्मागुडी, मडगाव, डिचोली असे जे केंद्र जवळ पडेल, तिथे तो शिकवतात का ते अर्जाआधी विचारून घ्या.

मग अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात किंवा कंपनीत काम करत शिकणे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली ती करताना दरमहा विद्यावेतन मिळते. पण केवळ नावाजलेली कंपनी पाहून जाऊ नका. जिथे रोज मशिने उघडली जातात, तिथे जा. माझ्या मते खरे शिक्षण तिथेच होते.

तिथे गळती शोधायला नीट शिका. नुसता गॅस भरून निघून जाणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाईक तेवढ्यानेच तुटते. मशीनमध्ये नायट्रोजनचा दाब द्या, जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तिथे गळती. दाब सोडून तो जोड ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीवर धातूची काडी वितळवून, बंद करा, पुन्हा दाब देऊन तपासा. मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढा आणि मशीनच्या प्लेटवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरा. नव्या मशिनांतला आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस पूर्ण काढून, खिडक्या उघडून मगच ज्योत पेटवा. इथे घाई कधीच करू नका.

दोन-तीन वर्षे दुसऱ्याकडे काढल्यावर स्वतःचे काम सुरू करा. प्रत्येक गिऱ्हाइकाची वही ठेवा: मशीन कुठले, काय बदलले, किती घेतले. पावती द्याच. हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा वार्षिक देखभालीच्या कराराचे बोलणे चतुर्थीआधीच करून ठेवा.

पुढे शिकावेसे वाटले, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. धंद्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, तीही करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.