'बाय' वापरताना या चुका टाळा

"आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह." माझ्या एका तरुण सहकाऱ्याने परदेशातल्या ग्राहकाला ईमेलमध्ये हे वाक्य लिहिलं. त्याला म्हणायचं होतं, मी पाच वाजेपर्यंत ऑफिसात आहे, तेवढ्यात फोन करा. ग्राहकाने वाचलं ते असं, की हा माणूस उशिरात उशिरा पाचला ऑफिसात पोहोचेल. त्यांनी आमच्या वेळेचा हिशोब करून सव्वापाचला फोन लावला. तोवर हा घरी निघाला होता. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे नाराजी. गंमत नाही, दुखणं आहे हे: वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. खाली लाल रेघ उमटत नाही, वाक्य बरोबर दिसतं आणि अर्थ मात्र भलताच पोहोचतो.

इंग्रजीतल्या 'बाय' (by) या शब्दाचे अर्थ आपण यादी करून पाठ करतो. जवळ, कडून, ने, पर्यंत, नुसार. यादी पाठ होते आणि चुका तशाच राहतात. माझं मत असं की गोंधळ इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या प्रत्ययांपाशी आणि शब्दयोगी अव्ययांपाशी सुरू होतो. मराठीत 'पर्यंत' दोन कामं करतं, 'ने'सुद्धा दोन कामं करतं, आणि इंग्रजीत त्या कामांना वेगवेगळे शब्द आहेत. आपण एकालाच हाक मारतो.

'पर्यंत' दिसलं की लगेच 'बाय' नको

"शुक्रवारपर्यंत अहवाल द्या" आणि "शुक्रवारपर्यंत थांबा" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. अहवाल एकदाच द्यायचा आहे, मग तो बुधवारी दिला तरी चालेल. थांबायचं मात्र सलग, शुक्रवार उजाडेपर्यंत. पहिल्याला 'बाय फ्रायडे', दुसऱ्याला 'टिल फ्रायडे' किंवा 'अंटिल फ्रायडे'. "सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे" हे वाक्य आपल्याकडच्या ईमेलमध्ये रोज दिसतं, आणि ते चूक आहे.

शंका आली तर मराठीतच तपासा. क्रियापदाला 'राहणे' जोडा. "शुक्रवारपर्यंत थांबून राहा" सहज चालतं, म्हणून 'टिल'. "अहवाल देत राहा" म्हटलं की भलतंच काही होतं, म्हणून 'बाय'.

आणखी एक बारकावा. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो. 'बिफोर फ्रायडे' म्हटलं तर काम गुरुवारीच संपायला हवं. पण शुक्रवारी ऑफिस सुटेपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे 'बाय' सांगत नाही. मुदत महत्त्वाची असेल तर तारखेबरोबर वेळ लिहा आणि समोरचा दुसऱ्या देशात असेल तर कुठली वेळ तेही लिहा.

नकार आला की प्रकरण अवघड होतं. "तो पाचपर्यंत आला नाही" या मराठी वाक्यात दोन शक्यता आहेत. तो पाचला आला, त्याआधी नाही, असं सांगायचं असेल तर "ही डिडन्ट कम टिल फाइव्ह". पाच वाजले तेव्हाही त्याचा पत्ता नव्हता, पुढे आला की नाही ते माहीत नाही, असं असेल तर "ही हॅडन्ट कम बाय फाइव्ह". मराठीत आपण हे संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत लिहिताना आधी स्वतःलाच विचारावं लागतं, की तो शेवटी आला का?

'बाय द टाइम'ची चूक त्यामानाने सोपी. "बाय द टाइम आय विल रीच" असं लिहू नका. भविष्याबद्दल बोलत असलात तरी त्या तुकड्यात 'विल' येत नाही: "बाय द टाइम आय रीच, द मीटिंग विल हॅव एंडेड".

एका वाक्यात दोन 'ने'

"मुलाने दगडाने काच फोडली." पहिला 'ने' करणाऱ्याचा, दुसरा हत्याराचा. मराठीला यात काही खटकत नाही. इंग्रजी कर्मणी वाक्यात मात्र करणारा 'बाय' घेतो आणि हत्यार 'विथ': "द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉय विथ अ स्टोन". म्हणून कात्रीने कागद कापला तर 'विथ सीझर्स', पेनने लिहिलं तर 'विथ अ पेन'. "ब्रोकन बाय अ स्टोन" हेही शुद्ध आहे, पण तिथे दगडालाच कर्ता केलंय. तो कुठून तरी घरंगळत आला आणि काचेवर आदळला. एखाद्या तक्रारीत किंवा विम्याच्या अर्जात हा फरक किती मोठा ठरेल, विचार करा.

मग 'बाय हँड', 'बाय पोस्ट', 'बाय ईमेल' कसं चालतं? कारण तिथे विशिष्ट वस्तू नाही, पद्धत सांगितली आहे. त्याची खूण म्हणजे मध्ये 'अ', 'द' किंवा 'माय' येत नाही. 'बाय कार' बरोबर, 'बाय माय कार' चूक. तिथे 'इन माय कार'. चालत जाण्याला 'बाय वॉक' नाही, 'ऑन फुट'. आणि "ही वॉज हिट बाय अ कार" म्हणजे गाडीने धडक दिली, तिथे गाडी कर्ता असल्यामुळे 'अ' हवाच.

छोटासा 'द' अर्थ फिरवतो

इथे जरा थांबूया, कारण या शब्दाची सगळ्यात सुंदर जागा हीच आहे. 'बाय'चा जुना अर्थ 'जवळ, बाजूला'. बायपास म्हणजे गावाच्या बाजूने जाणारा रस्ता, बायस्टँडर म्हणजे बाजूला उभा असलेला. तो अर्थ अजून जिवंत आहे. "वी वेन्ट बाय सी" म्हणजे समुद्रमार्गे गेलो. "वी स्टेड बाय द सी" म्हणजे समुद्राकाठी राहिलो. 'द' आला आणि जहाजातून माणूस किनाऱ्यावर उतरला.

दिवसाचंही तसंच. 'बाय डे' म्हणजे दिवसा, 'बाय द डे' म्हणजे रोजाच्या हिशोबाने, आणि 'डे बाय डे' म्हणजे दिवसागणिक. तास, डझन अशा एककांच्या हिशोबात 'द' लागतोच: 'पेड बाय द अवर', 'सोल्ड बाय द डझन'. "पेड बाय अवर" लिहिणारे पुष्कळ भेटतात.

आकड्यांत चूक झाली तर

इथली चूक सगळ्यात महाग पडते. औषधाचा डोस 50 मिलिग्रॅम आहे. "रिड्यूस बाय 10" म्हणजे दहाने कमी करा, उरले 40. "रिड्यूस टू 10" म्हणजे दहावर आणा, उरले 10. मराठीत 'ने' आणि 'वर' हा फरक लख्ख आहे. तरी इंग्रजी वाचताना डोळा आकड्यावर जातो आणि मधला शब्द निसटतो. टक्केवारीत तर आणखीच. 20 टक्के असलेला दर "इन्क्रीज्ड टू 25 पर्सेंट" झाला तर वाढ 5 टक्के बिंदूंची. "इन्क्रीज्ड बाय 25 पर्सेंट" म्हटलं तर 20 चे 25 टक्के म्हणजे 5, आणि उत्तर योगायोगाने तेच 25. पण मूळ दर 40 असता तर तो 50 झाला असता. असं वाक्य भाषांतरित करताना मी दर वेळी आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून बघते, मगच पुढे जाते.

अपूर्णांक आपण 'थ्री बाय फोर' असा वाचतो. परदेशातल्या माणसाला ते तीन गुणिले चार अशा मापाचं काहीतरी वाटू शकतं. 'थ्री क्वार्टर्स' किंवा 'थ्री ओव्हर फोर' म्हटलं की प्रश्न मिटतो.

उरलेल्या किरकोळ जागा

"मी स्वतः आलो" याचं "आय केम बाय मायसेल्फ" करू नका. त्याचा अर्थ मी एकटाच आलो. जोर द्यायचा असेल तर 'आय मायसेल्फ'. चेहऱ्याने ओळखणं म्हणजे 'बाय साइट', 'बाय फेस' नाही. पाठ केलं याला "आय बायहार्टेड" म्हणण्याची सवय शाळेपासून लागलेली असते. 'लर्न्ट बाय हार्ट' असं तोडून लिहा.

आणि 'बाय लॉ' म्हणजे कायद्यानुसार, तर 'बायलॉ' म्हणजे संस्थेचा उपविधी. जोडून आणि तोडून लिहिण्यातला हा फरक नुसता जागेचा नाही. 'बायलॉ'मधला 'बाय' मुळात वेगळाच, जुन्या नॉर्स, म्हणजे वायकिंग लोकांच्या, भाषेत गाव किंवा वस्ती असा अर्थ असलेल्या शब्दातून आलेला. इंग्लंडमधल्या डर्बी, ग्रिम्झबी या नावांच्या शेवटी तोच शब्द 'बी' होऊन बसला आहे.