शाळेच्या नावात ‘सेंट’ आहे, पण चालवतंय कोण? अ‍ॅडमिशनच्या आधी हे तपासा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे सावंतवाडी-कुडाळ-वेंगुर्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच विषय, ज्युनिअर केजीचे फॉर्म कुठे सुटलेत. आणि त्यात कोणीतरी काका हमखास टाकतातच, "नावात सेंट आसा ना, मग शाळा चांगलीच असतली." असं काही नसतं हो काका. सेंट, होली, कॉन्व्हेंट ही नावं कोणीही लावतं, आवारात एकही सिस्टर राहत नाही आणि गेटवर मात्र कॉन्व्हेंट असा मोठा बोर्ड, अशा शाळा गावोगाव आहेत. त्या वाईटच असतात असं मी म्हणत नाहीये, काही तर छान चालतात. पण तुम्ही मिशनरी शाळा म्हणून फी भरताय तर ती खरंच कोणाची आहे हे आधी कळायला नको?

साधारण तीन प्रकार असतात. एक, शिकवणं हे ज्यांचं एक मोठं काम अशा धर्मसंघाची शाळा, म्हणजे जेझुइट, डॉन बॉस्कोवाले, कार्मेलच्या सिस्टर वगैरे. दोन, धर्मप्रांताची शाळा, म्हणजे बिशपच्या हाताखालची, बरेचदा चर्चला लागूनच असते. तीन, खाजगी ट्रस्टची, जिचं चर्चशी नावापुरतंच नातं. यावरून काय फरक पडतो? प्रिन्सिपल कोण नेमणार, ते किती वर्षांनी बदलणार, फी वाढली तर तुम्ही कोणाकडे जाणार, आरटीईची (शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची) लॉटरी तिथे लागू आहे का, हे सगळं यावर ठरतं. बिल्डिंग आणि युनिफॉर्म बघून यातलं काहीच कळत नाही.

आता ओळखायचं कसं. सगळ्यात सोपी जागा म्हणजे प्रिन्सिपलच्या केबिनबाहेरची नावाची पाटी. फादर, ब्रदर किंवा सिस्टरच्या नावानंतर दोन-तीन अक्षरं असतात, आपण ती डिग्री समजून सोडून देतो. ती डिग्री नाही, तो संघ आहे. एस. जे. असेल तर जेझुइट. एस. डी. बी. म्हणजे डॉन बॉस्कोचे सेलेशियन, आणि एफ. एम. ए. म्हणजे त्यांच्याच परिवारातल्या सिस्टर, ज्यांच्या शाळा ऑक्झिलियम नावाने असतात. ए. सी. म्हणजे अपोस्टोलिक कार्मेल. सी. एफ. सी. म्हणजे ख्रिश्चन ब्रदर्स, गोव्यात वास्कोजवळ चिखलीला रेजिना मुंडी आहे ती त्यांची. एफ. एस. सी. म्हणजे दे ला साल ब्रदर्स. एस. एफ. एक्स. दिसलं तर गोव्यातले पिलारचे फादर, हा संघ १८८७ मध्ये गोव्यातच सुरू झाला, म्हणजे आपला शेजारीच. नावानंतर काहीच अक्षरं नसतील आणि माणूस फादर असेल तर बहुतेक तो धर्मप्रांताचा, बिशपने नेमलेला. आणि एक, ब्रदर म्हणजे ज्युनिअर फादर नव्हे, हा गैरसमज फार आहे. ख्रिश्चन ब्रदर्स किंवा दे ला सालवाले ब्रदर मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) सांगत नाहीत, ते मुद्दाम पुरोहित न होता फक्त शिकवायला आलेले असतात.

पाटीवर नाव नुसतं "प्रिन्सिपल मॅडम" असं असेल तर मग शाळेचा लोगो नीट बघा, डायरीच्या पहिल्या पानावर मोठा छापलेला मिळतो. सूर्यकिरणांच्या मध्ये आय एच एस ही अक्षरं असतील तर जेझुइट असण्याची शक्यता चांगली, त्यांचं ब्रीद "अ‍ॅड मायोरेम देई ग्लोरियाम" म्हणजे देवाच्या अधिक गौरवासाठी. चांदणी आणि "सिग्नुम फिदेई" असेल तर दे ला साल. पण लोगोवर एकट्यावर जाऊ नका, लोगो कोणीही कॉपी करतं. त्यापेक्षा मला आवडणारी युक्ती म्हणजे डायरीतलं वर्षाचं कॅलेंडर. कोणत्या संताच्या दिवशी शाळेत कार्यक्रम किंवा सुट्टी आहे ते शोधायचं. ३१ जुलै इग्नेशियसचा, म्हणजे जेझुइट. ३१ जानेवारी डॉन बॉस्कोचा. १६ जुलै कार्मेल मातेचा. ३ डिसेंबर मात्र धरू नका, तो झेवियर या जेझुइट संताचा सण, ओल्ड गोव्याच्या फेस्ताला आमच्याकडची हिंदू मंडळीसुद्धा जातात, त्या दिवशी सुट्टी दिली म्हणून शाळा जेझुइट होत नाही. तसंच सेंट झेवियर्स नावाच्या सगळ्या शाळाही जेझुइटांच्या नसतात, हे लक्षात ठेवा.

संघ कळला की पुढचं काम, त्यांची शिकवायची पद्धत काय, मुळात ते कशासाठी निघाले. याचा उपयोग काय असं वाटेल पण होतो. कारण जगभर पसरलेल्या या संघांच्या शाळांमध्ये एक ठराविक वळण असतं, ते पेरू देशात असो की माटुंग्यात.

जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोलाचा संघ, पोपची मान्यता १५४० ची. बाहेरच्या मुलांसाठी त्यांची पहिली शाळा १५४८ ला सिसिलीत मेसिना इथे निघाली आणि १५९९ मध्ये त्यांनी शाळा कशी चालवायची याचा एक नियमसंग्रहच काढला, कोणत्या वर्गात काय, परीक्षा कशी, सगळं. म्हणजे जगभर एकच सिलॅबस ही आयडिया बोर्डवाल्यांची नाही, त्यांच्या आधीची आहे. वादविवाद, वक्तृत्व, नाटक यावर त्यांचा जोर. मुंबईचं सेंट झेवियर्स, कॅम्पियन, वांद्र्याचं स्टॅनिस्लॉस, पुण्याचं लोयोला ही त्यांची. आणि कोकणाशी संबंध जुनाच, झेवियर १५४२ ला गोव्यात उतरला, पुढे वसईत त्यांच्याकडे शिकलेला गोन्सालो गार्सिया १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर गेला, १८६२ ला संत झाला. मधेच १७७३ मध्ये पोपनीच हा संघ बंद करून टाकला आणि १८१४ ला परत सुरू केला, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या त्यांच्या शाळा सगळ्या त्यानंतरच्या.

दे ला साल हा फ्रान्समधल्या रेंसचा, सतराव्या शतकातला. त्या काळी गरिबांच्या पोरांना आधी लॅटिन वाचायला शिकवायचे, याने सांगितलं आधी मुलाच्या भाषेत शिकवा, आणि एकेका मुलाला बोलावून शिकवण्यापेक्षा सगळ्या वर्गाला एकत्र शिकवा. मास्तर तयार करायची शाळाही त्याने काढली. १९५० मध्ये चर्चने त्याला सगळ्या शिक्षकांचा पालकसंत केलं. गंमत बघा, आपण मिशनरी शाळा शोधतो ती इंग्रजीसाठी.

डॉन बॉस्कोचं वेगळं. इटलीत तुरिनला कारखान्यांत राबणारी, रस्त्यावर फिरणारी पोरं गोळा करून त्याने काम सुरू केलं, संघ १८५९ ला झाला, भारतात ते १९०६ ला आले. मुलाला मारून नाही तर त्याच्यासोबत राहून, समजावून आणि माया करून वळण लावायचं ही त्यांची पद्धत. त्यामुळे मैदान आणि टेक्निकल शिक्षण हे त्यांच्याकडे पक्कं. माटुंग्याचं डॉन बॉस्को सगळ्यांना माहिती, पणजीतही आहे आणि सिंधुदुर्गातली काही मुलं तिकडे जातात. तुमचं पोरगं दिवसभर बॉल घेऊन फिरणारं असेल तर ही शाळा आधी बघा असं माझं मत.

मुलींच्या मिशनरी शाळा जवळजवळ सगळ्या सिस्टर लोकांनी उभ्या केल्या आणि त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही. अपोस्टोलिक कार्मेल १८६८ मध्ये फ्रान्समध्ये मदर व्हेरोनिकांनी सुरू केला, १८७० ला सिस्टर मंगळूरला आल्या आणि तिथून किनारपट्टीभर पसरल्या. कॅनोसियन सिस्टर इटलीतल्या व्हेरोनाच्या, १८०८ पासूनच्या, मुंबईत माहीमला त्यांची शाळा. डॉटर्स ऑफ द क्रॉस बेल्जियमच्या लिएजमधल्या, १८३३, वांद्र्याचं आणि पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट त्यांचं. गल्फमध्ये असाल तर कुवेतचं कार्मेल स्कूलसुद्धा अपोस्टोलिक कार्मेलच्याच सिस्टरांचं. पण म्हणून तिथून गावी आल्यावर त्यांच्या इथल्या शाळेत आपोआप अ‍ॅडमिशन मिळेल असं समजू नका, सीबीएसई आणि स्टेट बोर्डाचा घोळ आधी सोडवा, मधल्या वर्गात सीट आहे का ते ईमेलवर लेखी घ्या, मग विमानाची तिकिटं काढा.

आता खरं सांगायचं तर आपल्या कोकणात, मुंबई-गोवा सोडलं तर, या मोठ्या नावांच्या शाळांपेक्षा धर्मप्रांताच्या शाळा तुम्हाला जास्त भेटतील. रायगड मुंबईच्या आर्चबिशपकडे, वसईचा धर्मप्रांत १९९८ ला झाला, सिंधुदुर्गचा २००५ ला पुण्यापासून वेगळा झाला. यात बरेचदा मॅनेजर म्हणून फादर आणि आत शिकवायला-सांभाळायला एखाद्या संघाच्या सिस्टर अशी रचना असते. त्यामुळे "शाळा सिस्टरांची आहे" एवढ्यावर थांबू नका, ऑफिसमध्ये सरळ विचारा, मॅनेजमेंट कोणाचं, धर्मप्रांताचं की संघाचं? क्लार्कला हे पाठ असतं. तक्रार असेल तर आधी प्रिन्सिपल, मग मॅनेजर, आणि त्याच्या वर धर्मप्रांताची असेल तर बिशप हाऊस, संघाची असेल तर त्यांचे प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाचे विभागप्रमुख. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, गेटवर जमून आरडाओरडा केल्याने पोरालाच त्रास होतो.

कागदावर खात्री करायची असेल तर शाळेचा अकरा आकडी यू-डायस नंबर मागा, सरकारी साईटवर तो टाकला की मॅनेजमेंटचा प्रकार, अनुदानित की विनाअनुदानित, मान्यता कुठल्या वर्गापर्यंत, सगळं येतं. ट्रस्ट कोणाचा हे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत सापडतं, तिथे ट्रस्टींची नावं वाचली की अर्धा मिनिटात चित्र स्पष्ट होतं. शाळा अल्पसंख्याक दर्जा सांगत असेल तर त्याचं सर्टिफिकेट बघायला मागा, यात काही अपमान नाही.

हा दर्जा का महत्त्वाचा? घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, आणि २०१४ ला प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरटीई कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणजे २५ टक्क्यांच्या लॉटरीत त्या शाळेचं नाव शोधत बसू नका. पण याचा अर्थ डोनेशन चालतं असा नाही, महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ चा आहे, पावती न देता पैसे मागितले तर तिथेच थांबा. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांना सक्तीची आहे, "आमच्याकडे मराठी ऑप्शनल" असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा.

आणि आज्जी लोकांचा ठरलेला प्रश्न, पोराला बाटवतील का. बाकी मुलांसाठी मूल्यशिक्षण आणि कॅथलिक मुलांसाठी वेगळा धर्मशिक्षणाचा तास, अशी साधारण पद्धत असते. घटनेचं कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना कशी असते ते विचारून घ्या, नको असेल तर फॉर्म भरतानाच लिहून द्या, वर्षाच्या मध्यावर भांडण काढू नका.

प्रिन्सिपलला भेटायला जायचं तर मार्चच्या आत जा. संघाच्या शाळांमध्ये बदल्या साधारण मे महिन्यात होतात, ज्या सिस्टरांनी तुम्हाला तोंडी "बघू, करू" म्हटलं त्या जूनला दुसऱ्याच राज्यात असतात आणि नवीन सिस्टरांना तुमचं काही माहीत नसतं. म्हणून जे काय बोलणं होईल ते त्याच दिवशी साध्या अर्जावर लिहून ऑफिसचा इनवर्ड नंबर घालून घ्या. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड यांच्या झेरॉक्सही तेव्हाच जोडा, कारण जूनच्या पावसात लाईट गेली की झेरॉक्सवाल्याकडे रांग असते.