पात्र मेलं, तर नवं कितव्या लेव्हलला आणायचं?
डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून खेळायच्या खेळात कुणाचं पात्र मेलं, तर नवं पात्र पहिल्या लेव्हलपासून सुरू करायला लावू नका. बाकीचे पाचव्या लेव्हलला असताना तो बिचारा नुसता बघ्या होतो. हिशोबच करा. पाचव्या आवृत्तीत फायरबॉल या आगीच्या मंत्राला सहा बाजूंचे ८ फासे पडतात, म्हणजे सरासरी २८ डॅमेज (इजा). नवख्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, समजा ८. शून्यावर आल्यावरही उरलेलं डॅमेज त्याच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल, तर जागेवर मृत्यू. डेथ सेव्ह, म्हणजे मरणातून वाचायचा फासा, टाकायचीही संधी नाही. मंत्राचा मार चुकवायचा फासा (सेव्ह) जमून डॅमेज निम्मं झालं, तरी गडी आडवा!

म्हणून सरळ पार्टीच्याच, म्हणजे बाकी गटाच्याच, लेव्हलला आणा. मरणाची किंमत मलाही हवी असते, पण ती हिऱ्यांतून वसूल करा. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रिव्हिव्हिफाय मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, तोही मेल्यापासून १ मिनिटाच्या आत. गावच्या बाजारात हिरे सहज मिळूच देऊ नका.

आणि हो, मेलेल्याच्या जादुई वस्तू कुणाच्या, हे पहिल्याच सत्रात ठरवा. नाहीतर दहाव्याआधीच वाटणीचं भांडण.