माळवदाच्या घराची दुरुस्ती करताना या चुका टाळा

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे तिथल्या उन्हाला दिलेले उत्तर आहेत. पाऊस बेताचा, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर आणि काळा दगड हाताशी, म्हणून दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचन (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्या) आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर ही रचना पिढ्यानपिढ्या चालत आली. भूकंपाचा विचार मात्र तीत नव्हता; 1993 मधल्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात हीच घरे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली.

त्यानंतर दगडावरच ठपका ठेवला गेला, ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक. त्या भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोन स्वतंत्र बाजू होत्या, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर होती, आणि दोन्ही बाजूंना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जमीन हलताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या. कित्येक घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता, हे विसरता कामा नये. दगडाच्या धास्तीने पत्र्याच्या घरात गेलेल्या कुटुंबांना उन्हाळा असह्य होतो, आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड धक्क्याच्या वेळी खाली येतात, तो धोका वेगळाच.

दुसरी चूक छपरावर होते. गळती लागली की जुनी माती न काढता वर नवी माती पसरली जाते, आणि वर्षानुवर्षे हा थर दोन फुटांच्या घरात जातो. भूकंपात घरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढत असल्याने छपरावरची प्रत्येक नवी पाटी भिंतींवरचा धोका वाढवते. पावसाळ्यापूर्वी जादा माती उतरवावी, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, त्यावर सुमारे 20 सेंटीमीटरचा थर ठेवावा आणि पन्हाळीकडे उतार द्यावा; गारवा टिकण्यास एवढी माती पुरेशी ठरते. माती पूर्ण काढून मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतणे हे तर सरळ संकटाला आमंत्रण आहे. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरकस आधार ठोकले की सांगाडा आडवा कलत नाही. हे काम स्वस्त आहे आणि तरीही सर्वाधिक टाळले जाते, याचे वाईट वाटते.

भिंतीने पोट काढले असेल तर वरून सिमेंटचा गिलावा करून ते झाकू नये. गिलाव्याने दोन सुटलेल्या बाजू जोडल्या जात नाहीत, उलट मातीतला ओलावा आत कोंडतो. फुगलेला भाग छताला टेकू देऊन उतरवावा आणि पुन्हा रचताना 60 सेंटीमीटर उंचीच्या प्रत्येक टप्प्यात, 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड घालावेत. नवे दार किंवा खिडकी कोपऱ्याला चिकटून काढू नये.

भिंत सरळ उभी असेल तर ती पाडण्याची गरज नाही. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधण्यासाठी साधारण मीटरभर अंतरावर, ओळी एकाआड एक सरकवून, एकेक दगड कांबीने हळूहळू हलवून काढावा, घणाचे घाव घालू नयेत. आरपार झालेल्या भोकात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे आणि ते निदान दहा दिवस ओले ठेवावे.